एव्हरीबडी हॅव ट्रक्स: दहावीतल्या एका मुलीचं एक वाक्य

मी डिचोलीला घरी इंग्रजीच्या ट्युशन घेते, आठवी ते दहावी, आणि गेली बरीच वर्षं एव्हरीवन, एव्हरीबडी, ईच, नोबडी या शब्दांपुढे हॅज की हॅव, इज की आर हा एकच घोळ दर बॅचला बघत आलेय. दरवेळी मी तोच नियम सांगायची, मुलं तोच पाठ करायची आणि पेपरात तीच चूक करून यायची. एका मुलीमुळे मला पहिल्यांदा कळलं की ही चूक कुठून येते, म्हणून तिचं प्रकरण सविस्तर लिहितेय, कोणी दुसरं शिकवत असेल तर उपयोगी पडेल.

मुलगी दहावीची, गावातल्या मराठी प्राथमिक शाळेतून आलेली. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे डिचोली, सत्तरी, पेडणे या भागात अजूनही बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीला एकदम सगळे विषय इंग्रजीत येतात. घरी मराठी, शेजारी कोंकणी, वर्गात इंग्रजी. मुलगी हुशार, वाचन चांगलं, गणितात तर पुढेच. पण इंग्रजीच्या पेपरात ग्रामरचे मार्क जायचे आणि निबंधातही कापाकापी. तिची आई पहिल्या दिवशी येऊन म्हणाली, "टीचर, हिला सगळं येतं हो, पण हॅज-हॅवमध्येच अडते, तेवढं बघा." मी म्हटलं, "वहिनी, महिन्याभरात बसेल." महिन्याभरात बसलं नाही.

तिने शाळेत 'माझा गाव' असा निबंध लिहिला होता. त्यातलं एक वाक्य असं: एव्हरीबडी इन अवर व्हिलेज हॅव ट्रक्स बट नोबडी हॅव वर्क. शाळेत दोन्ही हॅवखाली लाल रेघ आणि वर नुसतं हॅज, बाकी काही शेरा नाही. मी ते वाक्य वाचलं आणि आधी ग्रामर सुचलंच नाही. आमच्या पट्ट्यातल्या माणसाला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. खनिज खाणीतून मांडवीच्या जेटीपर्यंत न्यायला लोकांनी कर्ज काढून ट्रक घेतले, २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्या चालू झाल्या, मग सुप्रीम कोर्टाने २०१८ च्या फेब्रुवारीत ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चपासून परत सगळं थंड. ट्रक दारात, चाकं जमिनीत रुतलेली, वर वेल चढलेले. या मुलीच्या वडिलांचाही एक तसाच उभा होता. एवढं मोठं दुःख तिने एका ओळीत मांडलं होतं आणि तिच्या हातात परत काय आलं, तर दोन लाल रेघा.

तर पहिली चूक माझी. मला वाटलं हिचा एसचा गोंधळ आहे. तो बहुतेक मुलांचा असतोच, नामाला एस लावला की अनेकवचन होतं आणि क्रियापदाला एस लावला की एकवचन होतं, हे उलटसुलट आहे आणि मुलांना ते पटत नाही, त्यांच्या डोक्यात एस म्हणजे जास्त. मग मी नेहमीचं सांगितलं, एव्हरीवनमध्ये वन आहे, एव्हरीबडीमध्ये बडी आहे, एक देह, म्हणून एकवचन. वहीच्या मागच्या पानावर यादी करून दिली, एव्हरीवन, एव्हरीबडी, एव्हरीथिंग, समवन, एनीवन, नो वन, नोबडी, ईच, आयदर, नायदर हे एकवचनी, बोथ, फ्यू, मेनी, सेव्हरल हे अनेकवचनी, आणि ऑल, सम, एनी, मोस्ट, नन हे दोन्हीकडे जाणारे. तिने दोन दिवसांत यादी घडाघडा म्हणून दाखवली. रिकाम्या जागा भरा दिलं की सगळे बरोबर. आणि परत निबंध लिहायला दिला की एव्हरीबडी आर, ईच ऑफ अस हॅव.

म्हणजे नियम येत होता. मला तेव्हा खरंच वाईट वाटलं, कारण मुलगी मला विचारायला लागली, "टीचर, मी मंद आहे का?" आणि मी तिला परत तीच यादी म्हणायला लावत होते.

मग एका रविवारी मी तिच्या तीन वह्या घरी ठेवून घेतल्या आणि फक्त हे शब्द असलेली वाक्यं एका कागदावर उतरवून काढली, बरोबर एका बाजूला, चूक दुसऱ्या बाजूला. आजवर मी फक्त चुका बघत होते, बरोबर आलेलं कधी बघितलंच नव्हतं, आणि खरी माहिती तिथेच होती. एव्हरीथिंग तिने जिथे जिथे लिहिलं तिथे इज, वॉज, हॅज, एकदाही चूक नाही. समवन हॅज कम, बरोबर. नोबडी वॉज देअर, बरोबर. समथिंग हॅपन्स, चक्क एससकट बरोबर. आणि एव्हरीबडी, एव्हरीवन मात्र जवळजवळ प्रत्येक वेळी आर आणि हॅव. आता एव्हरीथिंग आणि एव्हरीवन दोन्ही एकाच यादीत, एकाच नियमातले. नियम येत नसता तर दोन्हीकडे चुकली असती.

मी तिला बोलावून विचारलं, बाय, एव्हरीथिंग म्हणजे काय गो? म्हणाली, सगळं. आणि एव्हरीवन? म्हणाली, सगळे.

तिथेच आलं सगळं उघड्यावर. सगळं संपलं, सगळे आले. मराठीत सगळं हे नपुंसकलिंगी एकवचन आणि सगळे हे अनेकवचन, आणि ती इंग्रजी लिहिताना क्रियापद मनातल्या मराठी शब्दाला विचारत होती. कोणीतरी आलंय, कोणी नव्हतं, काहीतरी होतं, या सगळ्यांत मराठीतच एकवचन बसलेलं आहे, दारावर थाप पडली आणि बाहेर कोण आहे, किती आहेत काहीच माहीत नसलं तरी आपण कोणीतरी आलंय असंच म्हणतो, आलेत नाही म्हणत. म्हणून समवन आणि नोबडी तिला फुकट मिळाले. सगळे आडवं आलं. आणि गंमत म्हणजे आपल्याकडे एव्हरीवनला अगदी नेमका जोड आहे, प्रत्येकजण. प्रत्येकजण आला. प्रत्येकजण आले असं कोणी म्हणत नाही, कानाला टोचतं. पण शाळेत पाचवीला कुणीतरी एव्हरीवन म्हणजे सगळे असं सांगितलं आणि ते तसंच राहिलं. तेव्हा यादी बाजूला ठेवून मी एवढंच म्हटलं, आजपासून एव्हरीवनचं मराठी बदल, एव्हरीवन म्हणजे प्रत्येकजण, सगळे म्हणजे ऑल. ऑल आर हिअर, एव्हरीवन इज हिअर. आठवड्याभरात एव्हरीवन इज यायला लागलं, रिकाम्या जागेत नव्हे, तिच्या स्वतःच्या वाक्यात.

पण त्या ट्रकच्या वाक्यातला दुसरा हॅव सुटत नव्हता. नोबडी हॅव वर्क. नोबडी वॉज देअर बरोबर लिहिणारी मुलगी नोबडी हॅव का लिहिते? कोणी या शब्दात तर एकवचन आहे. हे मला दोन-तीन दिवस कळत नव्हतं, भाजी चिरताना पण डोक्यात तेच.

मग वाक्य मराठीत म्हणून बघितलं. कोणाकडेच काम नाही. प्रत्येकाकडे ट्रक आहेत. आता यात क्रियापद कोणाचं आहे? ट्रकचं. एक ट्रक असेल तर आहे, चार असतील तर आहेत. माणूस किती आहेत याच्याशी क्रियापदाला देणंघेणंच नाही, माणूस 'कडे' लावून बाजूला बसलाय. मराठीत हॅव असं क्रियापदच नाही ना, आपण माझ्याकडे पैसे आहेत म्हणतो, मला दोन भाऊ आहेत म्हणतो, त्याला ताप आहे म्हणतो, दरवेळी कर्ता वस्तू असते. इंग्रजीत तोच माणूस कर्त्याच्या खुर्चीवर येऊन बसतो आणि हॅज की हॅव हे त्याला बघून ठरतं. मराठी मुलाला हॅव लिहिताना मालकाकडे बघायची सवयच नसते, आय हॅवमधून शिकलेला हॅव तो तसाच उचलून ठेवतो. तिचे हॅवचे चुकलेले शब्द मी परत मोजले, मालकी दाखवणारा हॅव जवळपास सगळीकडे हॅवच होता, ही, शी, माय फादर सगळ्यांपुढे. म्हणजे हा आजार नोबडीचा नव्हताच.

आणि याच्याच पोटात आणखी एक निघालं. शाळेत सायन्स एक्झिबिशन होतं, तेव्हा तिने लिहिलं होतं, ईच ऑफ अस हॅव ब्रॉट टू चार्ट्स. मी तिला दोन मराठी वाक्यं दिली आणि इंग्रजी करायला सांगितलं, मुद्दाम काही न सांगता. आम्ही प्रत्येकीने एक तक्ता आणलाय. आम्ही प्रत्येकीने दोन तक्ते आणलेत. पहिल्याला तिने लिहिलं ईच ऑफ अस हॅज ब्रॉट अ चार्ट. दुसऱ्याला पेन थांबलं, तिने हॅज लिहिलं, खोडलं, हॅव लिहिलं, परत खोडलं आणि शेवटी हॅव ठेवलं. मी विचारलं का बदललंस, तर म्हणाली, "टीचर, दोन आहेत ना." दोन तक्ते होते, मुलगी दोन्ही वाक्यांत तीच होती, प्रत्येकी. पण मराठीत भूतकाळात 'ने' लागला की क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं, तिने तक्ता आणला, तिने तक्ते आणले, तिने वही आणली. व्याकरणाच्या पुस्तकात याला कर्मणी प्रयोग म्हणतात आणि मुलं ते मराठीच्या पेपरापुरतं पाठ करतात, आणि तोच प्रयोग मागच्या दाराने इंग्रजीच्या पेपरात येऊन मार्क घालवतो हे त्यांना कोणी सांगत नाही. मला पण कोणी सांगितलं नव्हतं.

यावर उपाय काय करायचा याचा मी खूप विचार केला, कारण प्रत्येकजण म्हण एवढ्याने हे सुटणार नव्हतं. शेवटी एक शब्द सापडला, बाळगणे. हे असं मराठी क्रियापद आहे ज्यात मालक स्वतः कर्ता असतो. प्रत्येकजण ट्रक बाळगतो. ट्रक एक असो की चार, बाळगतोच. माझे वडील दोन ट्रक बाळगतात, आदर सोडून तो बाळगतो. मी म्हटलं, हॅव लिहायच्या आधी मनात बाळगतो की बाळगतात ते विचार, बाळगतो, बाळगते आलं की हॅज. आणलेतच्या जागी आणते म्हणून बघ, प्रत्येक मुलगी दोन तक्ते आणते, मग ती एकटी दिसायला लागते. वाक्य मराठीत थोडं वेडंवाकडं होतं, होऊ दे, ते कुठे लिहायचंय.

ईच ऑफचा अजून एक त्रास आहे आणि तो फक्त मराठीवाल्यांचा नाही, इंग्रजी ज्यांची आईची भाषा आहे तेही तिथे चुकतात. ईच ऑफ द बॉईज हॅज, यात हॅजच्या अगदी मांडीला मांडी लावून बॉईज बसलेत, म्हणून जीभ हॅवकडे जाते. पण आपल्याला ते जास्त का जड जातं बघा, मराठीत आपण मुलांपैकी एकही आला नाही म्हणतो, आधी घोळका, मग एक, आणि मग लगेच क्रियापद, म्हणजे ज्याला विचारायचं तो एकजण क्रियापदाच्या शेजारीच असतो. इंग्रजीत उलटं, आधी एक, मग घोळका, मग क्रियापद. आपली सवय शेजारच्याला विचारायची आणि इंग्रजीत शेजारी भलताच बसलेला. त्यासाठी मी तिला बोट ठेवायला लावलं, ऑफपासून क्रियापदापर्यंतचं सगळं बोटाने झाकायचं आणि मग वाचायचं, ईच हॅज, नायदर इज, वन इज. तिच्या त्या निबंधातलं इन अवर व्हिलेज पण तसंच झाकलं. पेपरात बोट ठेवून लिहिते म्हणून मैत्रिणी हसायच्या, तिने काही सोडलं नाही.

मात्र हे झाकणं ऑल, सम, मोस्टला करायचं नाही, तिथे उलट ऑफच्या पुढचंच बघायचं असतं. हे तिला एका मिनिटात कळलं, कारण मराठी तसंच करते. मी म्हटलं, रात्रीचं सुंगटांचं हुमण थोडं उरलंय आणि थोडी सुंगटं उरलीत. सम ऑफ द करी इज लेफ्ट, सम ऑफ द प्रॉन्स आर लेफ्ट. मोजता येतं ते आर, ओतता येतं ते इज. पुढे गेलो.

एक दिवस तिनेच विचारलं की पुस्तकात वी ईच हॅव असं वाक्य आहे, ते कसं बरोबर? प्रश्न इतका चांगला होता की मी बॅच थांबवून फळ्यावर लिहिला. तिथे कर्ता वी आहे, ईच नुसता मागून येऊन चिकटलाय, आम्ही प्रत्येकी असतं तसा, म्हणून हॅव. आणि बोर्डाच्या पेपरात येणारे ते क्वेश्चन टॅग, एव्हरीबडी हॅज कम, हॅवन्ट दे? क्रियापद एकवचनी आणि शेपटीत दे. नोबडी कॉल्ड, डिड दे? इथे नोबडीत नाही आहेच म्हणून शेपूट होकारी. मुलं वैतागतात, पण इंग्रजीत माणूस बाई की बाप्या माहीत नसताना दे वापरायची रीत चौदाव्या शतकापासून आहे, आपण कोणीतरी आलंय म्हणताना नपुंसकलिंगात शिरतो तशीच ती सोय. एव्हरीबडी हॅज देअर प्रॉब्लेम्स हे वाक्य मी बरोबर धरते. जुन्या पुस्तकात हिज असतं, आणि माझ्या समोर अकरा मुली बसलेल्या असताना एव्हरीवन हॅज हिज असं शिकवायला माझं मन घेत नाही.

ननवरून मात्र शाळेशी थोडं झालं. तिने सहामाहीत लिहिलं, नन ऑफ द ट्रक्स आर रनिंग, आणि अर्धा मार्क कापला गेला, वर इज. आई काळजीत, "टीचर, तुम्ही शिकवलं ना, मग हे काय?" नन हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या 'ने आन' म्हणजे एकही नाही यातून आलाय हे खरं, त्यावरून तो एकवचनीच असं बरेच शिक्षक मानतात. पण तो अनेकवचनी वापरलेला अगदी जुन्या काळापासून सापडतो आणि आजचे सगळे मोठे शब्दकोश दोन्ही चालतं म्हणतात. मुलीचं वाक्य चूक नव्हतं. मी हे एका कागदावर लिहून दिलं, भांडायच्या सुरात नाही, आणि मार्क काही वाढला नाही. तिला मी एवढंच सांगितलं की परीक्षेत नन ऑफपुढे इज लिही, तेही बरोबरच आहे, मार्क वाचेल, आणि तुझ्या स्वतःच्या लिहिण्यात कानाला जे बरं वाटेल ते. मला हे दोन तोंडांनी बोलणं आवडत नाही, पण पंधरा वर्षांच्या मुलीच्या अर्ध्या मार्कावर माझं तत्त्व चालवणं त्याहून वाईट.

प्रिलिमला या प्रकारच्या चुका पूर्ण गेल्या नाहीत, घाईत लिहिलेल्या शेवटच्या पानावर दोन होत्या, दोन्ही मालकीच्या हॅवच्या. माझ्या मते तोच सगळ्यात खोल बसलेला असतो आणि त्याला वर्षभर लागतं. पण यादी म्हणायची बंद झाली, आणि मी मंद आहे का हे तिने परत विचारलं नाही.

आता मी नवीन बॅचला पहिल्याच आठवड्यात यादी देत नाही, आधी त्यांच्याकडून एव्हरीवन, एव्हरीथिंग, समवन, नोबडीचं मराठी लिहून घेते, कोंकणीवाले कोंकणीत लिहितात, आणि कोण कुठे चुकणार ते त्या कागदावरच बऱ्यापैकी दिसतं.

त्या मुलीने बोर्डाच्या आधी 'माझा गाव' निबंध परत लिहून आणला. मी ते वाक्य शोधलं. एव्हरीबडी इन अवर व्हिलेज हॅड अ ट्रक. हॅड बघून मी तिला थांबवलं, म्हटलं, बाय, ही पळवाट झाली, हॅडला हॅज-हॅवची भानगडच नाही, मला वर्तमानकाळात करून दाखव. तिने वाक्याकडे बघितलं, बोट उचललं आणि म्हणाली, "नाही टीचर, पप्पांनी मागच्या महिन्यात विकला, आता आमच्या वाडीत एकच राहिलाय."

मी हॅड तसाच ठेवला.